रजाईतलं वरण

भँवरजींच्या सायकलीची घंटी भरदुपारी आमच्या गल्लीत वाजली तेव्हा मला वाटलं, वन्सं पुन्हा काहीतरी विसरल्या. भँवरजी म्हणजे त्यांच्या शाळेचे चपराशी. वन्संचं विसरणं नेहमीचंच. कधी चष्मा, कधी काचेची नळी, कधी वर्गात दाखवायला म्हणून माझ्याच डब्यातून काढून ठेवलेली खडीसाखर... मग मधल्या सुट्टीत भँवरजी यायचे आणि फाटकाबाहेरूनच म्हणायचे, "भाभीजी, बहनजी ने मँगाया है." मी तांदूळ निवडत होते. तशीच ताट घेऊन बाहेर आले. संक्रांत नुकती झाली होती, समोरच्या लिंबाच्या फांद्यांत फाटके पतंग अजून लोंबत होते. भँवरजींनी सायकल भिंतीला टेकवली नव्हती. दोन्ही हातांनी ती धरून उभे होते. म्हणाले, "भाभीजी, साहब को दफ़्तर से बुलवा लीजिए." मी विचारलं, काय मागवलंय बहनजींनी? "कुछ नहीं मँगाया," ते म्हणाले, आणि एवढा मोठा माणूस रडायला लागला. फळ्यावर लिहिता लिहिता वन्संनी खडू खाली ठेवला, खुर्चीवर बसल्या, एका मुलीला म्हणाल्या, पाणी आण... मुलगी पाणी घेऊन आली तोवर सगळं संपलं होतं.

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण, कुमुद. आमच्या साताऱ्याकडे नवऱ्याच्या बहिणीला वन्सं म्हणतात. अमरावतीच्या माझ्या सासरी हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता. लग्नानंतर मी पहिल्यांदा तशी हाक मारली तेव्हा त्या मागे वळून पाहू लागल्या, आणखी कोण आलंय म्हणून. मग अर्थ कळल्यावर हसल्या. "चांगला आहे हो शब्द. राहू दे." तो राहिला. बाकी जयपूरच्या ह्या साऱ्या आदर्श नगरात त्या कुमुद बहनजी. रविवारचा हा अंक उघडणाऱ्या पुण्या-मुंबईच्या वाचकांना हे नाव ठाऊक असण्याचं काही कारण नाही. त्यांनी शोध लावला नाही, पुस्तक लिहिलं नाही, कधी हार घालून घेतला नाही. मुलींच्या एका साध्या शाळेत त्यांनी वर्षानुवर्षं विज्ञान शिकवलं, आणि त्यातही एकच गोष्ट पुन्हा पुन्हा शिकवली. ऊर्जा म्हणजे काय, ती येते कुठून, जाते कुठे, आणि हातात असते तोवर तिचं करायचं काय.

वडील लवकर गेले तेव्हा वन्सं नागपूरच्या कॉलेजात विज्ञान शिकत होत्या. पदवी घेऊन त्या परत आल्या त्या शाळेत शिकवायलाच लागल्या, कारण पाठचा भाऊ शिकायचा होता. भाऊ शिकला, त्याला केंद्र सरकारची नोकरी लागली, त्याचं लग्न झालं, मी आले. एवढ्या वेळात त्यांचं लग्नाचं वय निघून गेलं. कुणी अडवलं नव्हतं, कुणी पुढाकारही घेतला नव्हता. ह्यांची बदली जयपूरला झाली तेव्हा आईसकट त्या आमच्याबरोबर आल्या आणि महिन्याभरात इथल्या शाळेत रुजू झाल्या. सासूबाईंचं मात्र काहीच बदललं नाही. त्यांचं सोवळं अमरावतीहून जसंच्या तसं आलं, सामानाच्या डब्यात न घालता, मांडीवर घेऊन. त्यांची शेगडी वेगळी, पाणी वेगळं, स्वयंपाकाची वेळ वेगळी. सकाळी सोवळ्यात भाताचं आधण ठेवलं की आम्ही त्यांच्यापासून हातभर लांबून चालायचं. मी नाकाच्या शेंड्यावर राग असलेली बाई. पहिली दोन वर्षं मला त्या सोवळ्याचा फार त्रास झाला. वन्संना कधी झाला नाही. त्या म्हणायच्या, "आईचं राज्य आहे ते. प्रत्येकाला एक असावं."

त्यांच्या वर्गातल्या गोष्टी मला कळायच्या त्या माझ्या मुलीकडून. मीना त्याच शाळेत. शाळेत तिनं त्यांना बहनजी म्हणायचं आणि घरी आत्या, त्यामुळे दोन्हींची गल्लत व्हायची. त्यात तिचं मराठी अर्धं हिंदीतच वाढलेलं. एकदा उन्हाळ्यात दप्तर फेकत घरात शिरली. "आई, आज बहनजीने, मतलब आत्याने, बर्फाला रजाई पांघरली!" झालं होतं असं, की पुस्तकात ऊर्जेची एक ओळीची व्याख्या होती आणि मुली ती पोपटासारखी म्हणत. वन्संनी पुस्तक मिटायला लावलं. बर्फवाल्याकडून बर्फाचे दोन खडे आणवले. एक थाळीत उघडा ठेवला, एक रजाईत गुंडाळला, आणि विचारलं, आधी कोणता वितळेल? सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, रजाईतला. "रजाई तो गरम होती है, बहनजी." तास संपताना थाळीत नुसतं पाणी होतं आणि रजाई उघडली तर बर्फ आत शाबूत. मग मागच्या बाकावरची एक म्हणाली, "तो फिर बहनजी, रजाई में हम गरम कैसे होते हैं?" वन्सं म्हणाल्या, "गरम तो तुम ही हो. रजाई देती कुछ नहीं. बस, जाने नहीं देती."

विज्ञान छान होतं, पण रजाई सासूबाईंची होती. अंथरुणांच्या ट्रंकेत सर्वांत वर होती म्हणून वन्संनी उचललेली. ओली रजाई दोरीवर वाळत पडलेली सासूबाईंनी पाहिली, सगळी हकिगत ऐकून घेतली आणि लेकीला एवढंच विचारलं, "काऊन गं, बर्फाला थंडी वाजून राहिली होती का?" वन्सं पोट धरधरून हसल्या. सासूबाई हसल्या नाहीत. ती रजाई त्यांनी पुन्हा अंगावर घेतली नाही. तिच्यावर लाल बुट्टे होते, कापूस हलका होता, जयपूरला आल्यावर ह्यांनी आईसाठी मुद्दाम घेतलेली. ती मग वन्संच्या प्रयोगांची झाली.

दुसरा एक तास मी स्वतः पाहिला. मीनाचा विसरलेला डबा द्यायला गेले होते. शाळेच्या अंगणात भँवरजींची सायकल उलटी उभी केलेली, चाकाला दिव्याचा डायनामो लावलेला, आणि मुली पाळीपाळीनं हातानं पायडल फिरवताहेत. फिरवलं की दिवा लागायचा, हात थांबला की विझायचा. भँवरजी जरा लांब उभे राहून आपल्या सायकलीकडे काळजीनं बघत होते. एका दणकट मुलीनं बराच वेळ दिवा पेटता ठेवला. ती घामाघूम झाली तेव्हा वन्संनी विचारलं, सकाळी काय खाऊन आलीस? ती म्हणाली, बाजरे की रोटी. "मग हा दिवा बाजरीवर जळत होता," वन्सं सगळ्यांना म्हणाल्या. "आणि बाजरी कशावर वाढली?" मुलींनी वर पाहिलं. जयपूरच्या मे महिन्यात त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. शेवटी त्या म्हणाल्या की घरी बटण दाबाल तेव्हा ध्यानात ठेवा, तुमच्यासाठी कुठेतरी काहीतरी दमतं आहे. त्या दिवसापासून मीना वडिलांच्या मागे मागे हिंडून दिवे मालवायला लागली. "बाबा, मतलब तुम्ही खोलीत नाही, आणि दिवा चालूच?" हे बिचारे अंधारात चष्मा शोधत बसायचे.

आता त्या रजाईच्या पेटीबद्दल सांगायला हवं. ऊर्जा वापरायची कशी, हे मुलींना दाखवायला वन्संनी चहाचा एक रिकामा खोका आणला. आतून चंदेरी कागद लावलेला असतो तो. तळाशी वाळलं गवत पसरलं, त्यावर ती लाल बुट्ट्यांची रजाई. सकाळी तुरीची डाळ हळद-हिंग घालून चुलीवर चढवायची. खळखळा उकळी आली, थोडी उकळू दिली, की पातेलं झाकणासकट उचलून रजाईत ठेवायचं, चारी टोकं वर घेऊन गच्च गाठ मारायची, आणि वरून खोक्याचं झाकण. लगेच चुलीतली लाकडं मागे ओढून विझवायची, उद्याला ठेवायची. संध्याकाळी गाठ सोडली की डाळ लोण्यासारखी शिजलेली. मग मीठ घालून घोटायची. मी चिडवायची, "वन्सं, डाळ बाळंत झाली की हाक मारा." पण खरं सांगते, मला त्या पेटीचा पहिल्यांदा रागच यायचा, कारण तिचा एकच नियम होता आणि तो मला पाळता येत नव्हता. मध्ये उघडायचं नाही. ज्या बाईनं आयुष्यभर झाकण उचलून, डाव फिरवून, दाणा चेपून पाहिला तिला म्हणायचं, विश्वास ठेव आणि दुसरं काम कर! मी दुपारी हळूच गाठीला हात लावला की शाळेतून आल्यावर वन्संना नुसत्या गाठीकडे बघूनच कळायचं.

शाळेत हा प्रयोग फार गाजला. आमची वसाहत फाळणीनंतर निर्वासितांसाठी उभी राहिलेली. बहुतेक मुलींच्या घरी एक शेगडी आणि खाणारी दहा माणसं. लाकूड टालावरून, म्हणजे वखारीतून, मोजून यायचं. त्या मुलींना वन्संनी सांगितलं की तुमच्या आईनं पेटवलेल्या आगीतलं थोडंसंच अन्नात जातं, बाकीचं भिंती तापवतं आणि डोळ्यांत जातं. ते त्यांना पटायला पुस्तक लागलं नाही. घरोघरी खोके झाले, टोपल्या झाल्या. बाजारात भेटलेल्या आया वन्संचा हात हातात घ्यायच्या. पण पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ना, तसं आमच्याच घरात एक माणूस त्या पेटीतलं काही तोंडात घालत नव्हतं. सासूबाई. सोवळ्यातल्या बाईनं अंथरुणात ठेवलेलं अन्न कसं खायचं? हे आम्हाला समजण्यासारखं होतं. पण एकदा दुपारी आम्ही दोघीच असताना त्या विझलेल्या चुलीकडे बघत बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "शालू, माझी पोरगी चुलीपुढं बसलेली पाहायची होती मला. तिच्या घरात, तिच्या माणसांना वाढताना. अन् ही काय करून राहिली पाहा. दुसऱ्यांच्या पोरींना चूल विझवायचं शिकवून राहिली." मी उठून भांडी घासायला घेतली.

शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनाचा दिवस मी कधी विसरणार नाही. नवव्या वर्गाच्या मुलींनी भल्या सकाळी बाजरीची खिचडी उकळून आपापल्या खोक्यांत बंद केली होती. दुपारी तपासणीला येणाऱ्या बाईंसमोर खोके उघडायचे, असा बेत. मुलींच्या आया-आज्या सगळ्या बोलावलेल्या. मीनानं आजीच्या मागे लागून, रुसून, शेवटी न जेवता तिला यायला लावलं. सासूबाई आल्या, पण आपली सोवळ्याची लोकरी धाबळी बरोबर घेऊन. दिवाणखान्याएवढ्या त्या वर्गात भिंतीजवळ धाबळी अंथरून बसल्या आणि मीनानं अंगात आल्यासारखं सगळ्यांना बजावलं, "मेरी दादी को कोई छूना मत. उनको चलता नहीं." बायकांनी समजून हात जोडले आणि त्या कोपऱ्याला वळसा घालून चालू लागल्या. मीनाचा खोका त्याच कोपऱ्यात होता.

दुपार झाली. तपासणीच्या बाईंनी पहिल्या खोक्यातली खिचडी चमच्यानं तोंडात घातली आणि दाताखाली कर्रकन वाजलं. दुसऱ्या खोक्यातलीही तशीच. तिसऱ्यातलीही. मुलींचे चेहरे उतरले. मोठ्या बहनजींनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, वन्संकडे असं पाहिलं की मीच मान खाली घातली. मीनाचा खोका उघडला तेव्हा मात्र खिचडी मऊसूत, वाफ नाकापर्यंत. आता कुणीतरी म्हणणारच होतं की भाचीच्या खोक्यात काहीतरी युक्ती केली असेल. वन्संनी वर्गभर नजर फिरवली आणि त्यांच्या ओठाचा कोपरा हलला. हिंदीत विचारलं, "माताओ, सच बताइए, किस-किसने ढक्कन उठाया?" आधी बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग एक हात वर झाला. मग दुसरा. मग सगळ्याच पदराआड हसायला लागल्या. सकाळपासून एकेक जण हळूच येऊन आपल्या लेकीचं झाकण उचलून गेली होती. एकीनं तर डाव फिरवला होता, एकीनं पाणी वाढवलं होतं. "जितनी बार देखा, उतनी बार गँवाया," वन्सं म्हणाल्या, आणि धडा तिथेच झाला, पुस्तकात नसलेला. मीनाचा खोका तेवढा वाचला, कारण सासूबाईंच्या सोवळ्याजवळ जायची कुणाची छाती नव्हती.

मग वन्संनी त्या खिचडीची वाटी भरली आणि सगळ्यांदेखत आईसमोर जाऊन गुडघ्यावर बसल्या. "आई, तुझ्या राखणीनं शिजली आहे. एक घास खा." त्यांच्या आवाजात थट्टा होती, पण हातात नव्हती. वाटी दोन्ही हातांनी पुढे धरलेली होती. सासूबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "मला चालत नाही, ठाऊक आहे तुला." वन्सं हसून उठल्या, वाटी भँवरजींना दिली आणि पुढच्या खोक्याकडे वळल्या. मी पाहिलं म्हणून सांगते, त्या खोक्यावर त्या नको तितका वेळ वाकून राहिल्या. परतताना आम्ही टांगा केला. घोडा दोन चौक पुढे गेला तेव्हा सासूबाई समोर बघत म्हणाल्या, "चांगली शिजली होती का?" "शिजली होती." सासूबाईंनी पदर सावरला. "अन् मीठ?" "मीठ बरोबर होतं," वन्सं म्हणाल्या. सासूबाईंनी मान हलवली. एवढंच.

त्या हिवाळ्यात वन्संनी आणखी एक पेटी केली. लहान, आईपुरती. आत रजाई नव्हती, गवत नव्हतं. कोरी लोकरीची धाबळी कापून शिवलेली, कारण लोकर सोवळ्याला चालते. पातेलं नवं, कल्हई नवी. पहाटे ओलेत्यानं भात-वरण उकळून त्यात ठेवलं. शास्त्रात बोट ठेवायला जागा म्हणून ठेवली नाही. सासूबाईंनी ती पेटी नीट पाहिली, शिवण हातानं चाचपली, "टाका बरा आहे," म्हणाल्या, आणि आपली शेगडी पेटवायला घेतली. तेव्हा मला कळलं की अडचण सोवळ्याची नव्हतीच. त्या पेटीतलं खाल्लं तर लेकीचा संसार तो हाच, चार भिंतींची शाळा आणि चहाचा खोका, हे कबूल करावं लागणार होतं. आणि मग आपण तिच्यासाठी काय करायला हवं होतं, हेही आठवावं लागणार होतं. मी रागानं काहीतरी बोलणार होते. वन्संनी मला डोळ्यांनीच अडवलं. नंतर अंगणात कपडे वाळत घालताना म्हणाल्या, "शालू, अख्ख्या आदर्श नगराला पटलं ना, त्याचं मला काही नाही गं. तिनं एकदा खावं. पुन्हा नाही खाल्लं तरी चालेल. एकदा." त्यानंतर हा विषय त्यांनी काढला नाही. मोठ्या पेटीची गाठ मात्र रोज सकाळी शाळेला जाण्याआधी स्वतःच मारत राहिल्या.

त्या गेल्यावर शाळेत शोकसभा झाली. मोठ्या बहनजी भाषणात म्हणाल्या की ऊर्जेचा कधी नाश होत नाही, म्हणून कुमुद बहनजी आपल्यातच आहेत. सगळ्यांनी डोळे पुसले. मला राग आला. खरंच आला. कारण हाच वाद आमच्या घरी एकदा झालेला. हे म्हणाले होते, काहीच नष्ट होत नाही तर मग काटकसर कशाला? वन्संनी ह्यांच्यासमोरचा गार झालेला चहा दाखवला. "ह्यातली ऊब मेली नाही वसंता, खोलीभर पसरली. पण म्हणून तुला खोली पिता येते का?" पसरली की ती आपल्या कामाची राहत नाही, हा धड्याचा उरलेला अर्धा भाग त्या मुलींना आवर्जून शिकवायच्या. आपल्या हाती एवढंच आहे, म्हणायच्या, की पसरायच्या आत तिला कामाला लावायचं, आणि जातेच आहे तर जरा सावकाश जाऊ द्यायचं. शोकसभेत मीना माझ्या कानाशी कुजबुजली, "आई, बड़ी बहनजींनी अर्धंच सांगितलं." मी तिचा हात घट्ट धरला. वन्सं कुठेतरी आहेत, ह्यानं माझं समाधान होत नाही. मला त्या ह्या घरात, माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या गाठीवर नजर ठेवून हव्यात.

आता फाल्गुन लागला. थंडी सरली की पिंजारी गल्लीतून धनुष्याची तार वाजवत जातो आणि आम्ही रजया बाहेर काढतो, कापूस पिंजून पुढच्या वर्षाला ठेवायला. परवा मी सगळ्या रजयांबरोबर पेटीतली लाल बुट्ट्यांचीही काढली. तिच्या कापसात पातेल्याच्या बुडाएवढा खळगा पडला आहे, आणि हळदीचे डाग, जे कुठल्याही साबणानं जात नाहीत. सासूबाई दारातून म्हणाल्या, "ती नको देऊ." मी म्हटलं, अहो, कापूस बसलाय तिचा. "बसू दे. तिथंच बसायचं असते पातेलं." मी रजाई परत पेटीत ठेवली. हल्ली सकाळी डाळ मी उकळते आणि गाठ सासूबाई मारतात. मी दिवसभर तिला हात लावत नाही. हे कसं घडलं ते सांगायचं तर त्या संध्याकाळकडे पुन्हा जायला हवं.

वन्संना घरी आणलं आणि दिवस मावळायच्या आत नेलं. पुरुष माणसं परत आली, अंघोळी झाल्या, शेजारणीनं तापवून दिलेल्या पाण्यानं. आमची चूल अर्थातच पेटलेली नव्हती. वसाहतीतल्या मराठी बायकांनी पिठलं-भात आणला होता. सासूबाई त्याच्याकडे बघायला तयार नव्हत्या. दुपारपासून त्या रडल्याही नव्हत्या. भिंतीला टेकून बसल्या होत्या, बस. बायका घर आवरत होत्या. भरलेलं पाणी ओतून झालं, सकाळचा भात गाईला गेला. असल्या दिवशी घरातलं शिजलेलं सगळं टाकायचं असतं. एकीनं कोपऱ्यातली पेटी पाहिली आणि म्हणाली, "ह्यात काही आहे का हो? तेही काढून टाकू या." मला तेव्हा आठवलं. वन्संनी सकाळी डाळ ठेवली होती. एका हातात वह्या, दुसऱ्या हातानं गाठ ओढून, दारातूनच मला म्हणाल्या होत्या, "संध्याकाळपर्यंत हात लावायचा नाही, शालू." त्या बाई खोक्याचं झाकण उचलायला वाकल्या, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "हात नका लावू त्याला."

त्या उठल्या. बर्फाच्या त्या दिवसानंतर ज्यांनी कधी त्या रजाईला बोट लावलं नव्हतं त्या सासूबाई पेटीपुढं मांडी घालून बसल्या आणि गाठ सोडायला लागल्या. गाठ घट्ट होती, सुटता सुटेना, पण कुणाला जवळ येऊ देईनात. एकेक टोक बाजूला केलं. झाकण काढलं. मग माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "शालू, वाटी आण." मी वाटी आणली. त्या बाई हळूच म्हणाल्या, "आजी, आज चालत नाही हो हे." सासूबाईंनी ऐकलं की नाही कुणास ठाऊक. मी वरण वाढलं. त्यात मीठ घालायचं राहिलं होतं, ते संध्याकाळीच घालायचं असतं. मी बरणीकडे हात नेला. "राहू दे," त्या म्हणाल्या. "तिनं ठेवलं तसंच दे."

त्यांनी वाटी दोन्ही तळव्यांत धरली आणि कितीतरी वेळ नुसती धरून बसल्या. मग एक घोट घेतला. आता पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, गालांवरून खाली येऊन वाटीत पडलं, आणि त्यांनी ते पुसलं नाही.

"ऊन आहे गं अजून," त्या म्हणाल्या. वाटी रिकामी करून माझ्यापुढं धरली. "वाढ."